हातगुण

चकतीताईंचं उजवं मनगट मोडलं तेव्हा प्रयोगशाळेत अशी हळहळ झाली, जणू घरातलं कर्तं माणूस अंथरुणाला खिळलं असावं. निमित्त काही मोठं नव्हतं. घरच्याच पायरीवरून पाय सटकला, तोल सावरायला हात खाली टेकला आणि हाड गेलं. हाडांच्या डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. मॅडमनी फोनवर विचारलं, "फार दुखतंय का गं?" आणि त्याच दमात पुढे, "मग आता चकत्या कोण करणार?" दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त कळवळून विचारलेला होता. ताईंना त्याचा राग आला नाही. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय हे ऐकून माणूस अर्धा बरा होतो, आणि ताई काही जगावेगळ्या नव्हत्या.

या चकत्या म्हणजे त्यांचं गेल्या चौदा महिन्यांचं आयुष्य. दातात भरायचं एक नवीन सिमेंट मॅडम बनवत होत्या. नेहमीचं सिमेंट चार-पाच वर्षं बरं राहतं, मग त्याच्या कडेला केसाएवढी फट पडते, फटीतून जंतू आत शिरतात आणि वरून ठणठणीत दिसणारा दात आतून पोखरला जातो. मॅडमना असं सिमेंट हवं होतं की ज्याला टेकलेला जंतू मेलाच पाहिजे. पण जंतू मारणारं औषध दातातून सुटून नसेपर्यंत पोचलं, पोटात गेलं, तर रोग परवडला म्हणायची वेळ यायची. म्हणून औषध सिमेंटमध्ये घट्ट बांधलेलं हवं. "राखणदार कुत्रा साखळीला असावा," मॅडम नव्या माणसाला समजावून सांगत. "दाराशी येईल त्याला चावू दे. गल्लीभर फिरला तर आपलीच माणसं चावेल." शिवाय चावून चावून सिमेंट झिजताही कामा नये. त्यासाठी कोपऱ्यात एक यंत्र होतं. ते रात्रंदिवस खोटे दात एकमेकांवर आपटत बसायचं. पाहुणे आले की सगळे म्हणायचे, हे आमचं सासरचं माणूस, बोलत काही नाही, नुसतं दात खातं.

ताईंचं काम साखळी तपासायचं. लोण्यासारखा ओला लगदा साच्याच्या भोकात भरायचा, वरून काच दाबायची, नारिंगी आडोशामागून वीस सेकंद निळा प्रकाश द्यायचा, की शर्टाच्या बटणाएवढी टणक चकती तयार. जेलीसारखा थर थिजवून त्यावर तोंडातले जंतू पसरलेल्या ताटलीवर ती ठेवायची आणि ताटली एक दिवस उबदार कपाटात. दुसऱ्या दिवशी बघायचं. चकतीखालचे जंतू मेलेले हवेत, पण चकतीच्या कडेला अगदी खेटून जंतू वाढलेले हवेत. कडेभोवती जर स्वच्छ मोकळं कडं दिसलं, तर समजायचं की कुत्रा सुटला. औषध चकतीतून बाहेर पडून फिरायला गेलं. ताईंच्या चौदा महिन्यांच्या ताटल्यांत एकदाही कडं दिसलं नव्हतं. मॅडम खूश झाल्या की म्हणायच्या, "तुझा हातगुण आहे गं." एवढी शिकलेली बाई हातगुणावर विश्वास ठेवते याची ताईंना गंमत वाटायची, आणि मनातून गोडही वाटायचं.

त्या ताटल्यांच्या जोरावर परवानगी मिळाली आणि पहिल्या बारा माणसांच्या दातांत ते सिमेंट भरलं गेलं. बारा माणसं मिळवताना नाकी नऊ आले होते. फलकावर सूचना लावली, महिना गेला, एकही जण फिरकला नाही. फुकट दात भरून मिळतो म्हटल्यावर लोक आणखीनच दचकतात. प्रयोगशाळेतल्या कुणाचा दात चालणार नव्हता, पण नातेवाइकांबद्दल नियमात काही नव्हतं. मग ज्याने त्याने आपापल्या घरचं माणूस पुढे केलं. कुणाची बायको, कुणाचा भाऊ, कुणाची नणंद. ताईंनी आपले यजमान आणले.

यजमान शिवणकाम करायचे. गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. तीस वर्षं ते दोरा दातांनी तोडत आले होते, आणि त्यांच्या वरच्या पुढच्या दाताला दोऱ्याने घासून घासून एक नाजूक खाच पडली होती. "कात्री समोर आहे, मग दात कशाला?" हे वाक्य ताईंनी लग्नानंतर पहिल्या आठवड्यात उच्चारलं होतं आणि त्यानंतर किती वेळा ते देवालाच माहीत. त्याच दाताला खाचेमागून कीड लागली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, कीड खोल आहे, पण नस अजून शाबूत आहे. मास्तर खुर्चीत बसले तेव्हा त्यांची पाचावर धारण बसली होती. तरी बायकोकडे बघून ते म्हणाले, "तुझं सिमेंट ना? मग भरा हवं तेवढं." या गोष्टीला अकरा दिवस झाले होते. आणि ताई पडल्या त्याला नऊ.

नवव्या दिवशी घरी बसून ताईंना कंटाळा आला. गळ्यात हात अडकवून त्या प्रयोगशाळेत गेल्या, नुसत्या बघायला.

आत शिरताच त्यांना कळलं की काहीतरी बिनसलंय. मॅडमचा आवाज दारापर्यंत येत होता, आणि मॅडम सहसा आवाज चढवत नसत. समोर छापीलकाका उभे होते. रंग तपासायच्या विभागातून त्यांना ताईंच्या जागी तात्पुरतं पाठवलं होतं. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेला माणूस. कामाच्या पद्धतीचा जो कागद असतो त्यातली ओळ न् ओळ ते मोठ्याने वाचत, ती करत, मग तिच्यापुढे खूण करत आणि मगच पुढची ओळ वाचत. चहा कसा प्यायचा हे जर कुणी छापून दिलं असतं तर त्यांनी घोटागणिक खूण केली असती. म्हणून त्यांचं नाव छापीलकाका.

"दहापैकी आठ!" मॅडम म्हणत होत्या. "दहा ताटल्यांपैकी आठांना कडी! चौदा महिन्यांत एक आलं नव्हतं. काका, तुम्ही नेमकं करता तरी काय?"

"कागदावर आहे ते करतो, मॅडम."

"कागदावर आहे ते केलं असतंत तर ही कडी आली असती का? बारा लोकांच्या दातांत आहे हो हे. वरच्यांना मी काय सांगू?" मॅडमची नजर ताईंवर गेली आणि त्यांचा चेहरा एकदम निवळला. "आलीस? बघ बाई काय गोंधळ घातलाय. तू नसलीस की असं होतं."

ताईंनी ताटल्या बघितल्या. पिवळसर साय धरल्यासारखे जंतू, मध्ये बटणाएवढी चकती, आणि चकतीभोवती आरपार स्वच्छ कडं. एकसारखं, गोल, सुबक. गचाळपणे केलेल्या कामात असं सुबक कडं येत नाही. हे काम नीट झालं होतं.

"काका, जरा कागद बघू," ताई म्हणाल्या.

काकांनी कागद दिला. सगळ्या ओळींपुढे निळ्या शाईच्या खुणा. ताई खाली खाली वाचत गेल्या आणि नवव्या ओळीवर थांबल्या. "चकती पुसू नये, धुऊ नये. तयार झाल्यापासून तासाच्या आत ताटलीवर ठेवावी."

ताईंचं बोट त्या ओळीवरच राहिलं.

ही ओळ त्यांनी कधीच पाळली नव्हती. कधीच म्हणजे सुरुवातीचा आठवडा सोडून. निळा प्रकाश दिल्यानंतरही चकतीच्या वरच्या अंगाला एक चिकट थर राहतो. पहिल्या आठवड्यात तो चिमट्याला चिकटायचा, चकती वेडीवाकडी पडायची, आणि त्यातच दोन ताटल्यांवर बुरशी आली. त्या आठवड्याच्या सगळ्या ताटल्या न तपासताच फेकून द्याव्या लागल्या आणि मॅडम तेव्हा फार बोलल्या होत्या. ताईंचा स्वभाव स्वच्छतेचा. घरी त्या चमचेसुद्धा पुसून ठेवणाऱ्या. त्यांनी एक काचेची बरणी घेतली, तिच्यात स्पिरिट ओतलं आणि चकत्या रात्रभर त्यात टाकून ठेवायला लागल्या. सकाळी चकत्या कशा लख्ख, कोरड्या, चिमट्यातून सुटणाऱ्या! ताटल्या स्वच्छ यायला लागल्या, बोलणी थांबली, कौतुक सुरू झालं. यात सांगण्यासारखं काही आहे हे त्यांच्या मनातही आलं नाही. भांडं वापरण्याआधी विसळलं, हे कुणी कुणाला सांगतं का?

बरणी तिथेच फळीवर होती. ताई तिच्याजवळ गेल्या. त्या दर सोमवारी स्पिरिट बदलत. दर सोमवारी ते फिकट पिवळं झालेलं असे, आणि ते मोरीत ओतताना त्यांना बरं वाटे, की बघा, किती मळ निघाला. आता त्यांनी बरणीतलं नऊ दिवसांचं पिवळं स्पिरिट डाव्या हाताने उजेडात धरलं. तो मळ नव्हता. ते औषधच होतं. लगद्यातलं जेवढं पक्कं बांधलं जात नव्हतं तेवढं सगळं रात्रभरात स्पिरिटमध्ये उतरत होतं, आणि सकाळी ताई रिकाम्या झालेल्या चकत्या ताटलीवर मांडत होत्या. मग कडं कुठून येणार? माणसाच्या पेशींना औषध बाधतं का, ही तपासणीसुद्धा त्यांच्याच चकत्यांवर झाली होती. ते सिमेंट निर्धोक ठरलं होतं ते या बरणीमुळे.

आणि मास्तरांच्या दाताला काही कुणी रात्रभर स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेलं नव्हतं. तिथे सगळंच्या सगळं आत होतं. खोल, नसेच्या उंबऱ्याशी.

"काय गं, चक्कर येतेय का?" मॅडमनी विचारलं.

सांगायला हवं होतं. तिथेच, त्याच क्षणी. पण ताईंची दातखीळ बसली. मॅडमची या सिमेंटपायी गेलेली अकरा वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली, परवानगीचा कागद आला त्या दिवशी मॅडम मुलीसारख्या रडल्या होत्या ते आठवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "हात ठणकतोय. घरी जाते." जाताना त्यांनी छापीलकाकांकडे बघितलं. काका खाली मान घालून कागदावरच्या आपल्या खुणा पुन्हा मोजत होते. कुठली सुटली ते शोधत होते बिचारे.

रस्त्याने ताई चालल्या होत्या की धावत होत्या, त्यांचं त्यांना कळत नव्हतं. नस मेली तर काय होतं हे त्यांना ठाऊक होतं; चौदा महिने त्या तेच ऐकत होत्या. आधी थंड लागतं. मग गरम लागतं. मग काहीच न करता ठणकतं. मग एक दिवस अचानक दुखायचं थांबतं, आणि माणूस म्हणतो, बरं झालं. तेव्हा आत सगळं संपलेलं असतं आणि पू हाडाकडे निघालेला असतो. मास्तरांना साखर होती. साखरेच्या माणसाच्या तोंडातला पू कुठवर जाऊ शकतो, हेही त्यांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरीणबाईंकडून ऐकलं होतं. नसतं ऐकलं तर बरं झालं असतं असं त्यांना आता वाटलं.

घराच्या पुढच्या खोलीत मास्तर मशीनवर बसले होते. शाळेच्या गणवेशांचा ढीग शेजारी पडला होता. ताई दारातच थांबल्या. मास्तरांनी शिवण संपवली, कापड ओढलं, दोरा ताणला आणि टेबलावरची कात्री उचलून तो कापला.

तीस वर्षं ज्या एका गोष्टीसाठी ताईंनी जिवाचं रान केलं ती गोष्ट डोळ्यांपुढे घडली, आणि त्यांना घाम फुटला.

"अहो," त्या म्हणाल्या. "कात्री?"

"मग? तूच म्हणायचीस ना, दात म्हणजे कात्री नव्हे म्हणून. तीस वर्षांनी अक्कल आली. कौतुक कर."

"दुखतंय का?"

"काय?"

"दात. दात दुखतोय का?"

"छे! दगडासारखा झालाय. तू लवकर कशी आलीस?"

ताईंनी स्वयंपाकघरात जाऊन माठातलं गार पाणी आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. मास्तरांनी पेल्याकडे असं पाहिलं की जणू काही कडू औषध दिलंय. मग मान जराशी डावीकडे कलती करून, ओठांच्या कोपऱ्यातून ते हळूहळू पाणी पिऊ लागले. पाणी पुढच्या दातांना लागणार नाही एवढी काळजी त्यांनी घेतली. एवढी काळजी त्यांनी कधी कोटाच्या अस्तराचीही घेतली नसेल.

"सरळ प्या ना."

"सरळच पितोय की."

"अहो, मला खरं सांगा. तुम्हाला शपथ आहे."

"अगं, काय झालंय तुला? काही दुखत नाही म्हणतोय ना! रोज लिहून नाही का देत मी? बघ तो तक्ता."

तक्ता भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला होता, गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीशेजारी. बाराही जणांना तो दिला होता. रोज चार प्रश्न. दुखतं का, थंड-गरम लागतं का, सूज आहे का, झोपमोड होते का. मास्तरांचं अक्षर मापं लिहून लिहून बारीक आणि टापटीप झालेलं होतं. नाही, नाही, नाही, नाही. एकाखाली एक, शिवणीच्या टाक्यांसारखे. ताईंनी बोटाने मोजले. अकरा दिवसांचे चव्वेचाळीस "नाही" हवे होते. ते बावन्न निघाले.

मास्तरांनी उद्याचे आणि परवाचेही लिहून ठेवले होते.

ताईंनी मागे वळून पाहिलं. मास्तर मशीनवर वाकले होते आणि गणवेशाच्या बाहीत नसलेली सुरकुती शोधत होते. त्यांचा कान लाल झाला होता. ताईंना वाटलं, ओरडावं. मग वाटलं, त्यांचं डोकं पोटाशी धरून रडावं. त्या दोन्हीपैकी काही करू शकल्या नाहीत, कारण कुणाला ओरडायचं हेच कळत नव्हतं. त्यांनी तक्ता खिळ्यावरून काढला, घडी केली आणि पिशवीत टाकला. संध्याकाळभर त्या घरात वावरल्या, पण कुठल्याही कामात त्यांचं मन नव्हतं. मास्तर घास तोंडात घालत तेव्हा त्या बघत. मास्तर चूळ भरत तेव्हा त्या बघत. "नजर लावशील दाताला," मास्तर हसून म्हणाले, आणि हसताना ओठ मिटलेले ठेवले.

सकाळी प्रयोगशाळा उघडली तेव्हा ताई दाराशी उभ्या होत्या. मॅडम आणि छापीलकाका आत आले तसं त्यांनी फळीवरची बरणी डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवली.

"काकांचं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. मी चकत्या धूत होते. रात्रभर यात ठेवत होते. पहिल्यापासून."

मॅडमना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. त्या बरणीकडे बघत राहिल्या आणि त्यांचा रंग उतरत गेला. मग त्या अशा काही बोलल्या की तसलं बोलणं ताईंनी आईबापांकडूनही ऐकलं नव्हतं. चौदा महिने, परवानगी, बारा माणसं, तू वाचत नाहीस का, तुला अक्षरं कळत नाहीत का. ताईंनी मान खाली घालून सगळं ऐकलं. छापीलकाकाच मध्ये पडले. "मॅडम, नवव्या ओळीत 'धुऊ नये' लिहिलंय, पण का धुऊ नये ते लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "नुसतं नये म्हटलं की माणूस आपली अक्कल चालवतोच. मला नाही म्हणून मी चालवली नाही." काकांनी आयुष्यात मारलेला हा पहिला टोला असावा. पण कुणाला हसू आलं नाही.

मॅडम खुर्चीत बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी कपाटातून एक फाइल काढली आणि घाईघाईने चाळली. दर आठवड्याला बाराही घरांतून तक्त्यांची नक्कल येत असे.

"थांब," त्या म्हणाल्या. "थांब जरा. पहिल्या आठवड्यात एकाचीही तक्रार नाही. बघ. सगळीकडे नाही. बाराही जणांना काही होत नाहीये. म्हणजे सुटत असेलही थोडंफार, पण बाधत नाहीये." त्यांचा जीव भांड्यात पडत होता, ते दिसत होतं. "माझा तर श्वासच थांबला होता गं."

ताईंनाही क्षणभर ते खरं मानावंसं वाटलं. फार वाटलं. मग त्यांनी पिशवीतून मास्तरांचा तक्ता काढून मॅडमपुढे उलगडला.

"हा आमच्या घरचा. यातही सगळे नाही आहेत. उद्याचेसुद्धा."

मॅडमनी तारखा बघितल्या. पुन्हा बघितल्या.

"ते आता कात्रीने दोरा कापतात," ताई म्हणाल्या. "आणि पाणी ओठांच्या कोपऱ्यातून पितात. मॅडम, ही बारा माणसं कुणाची आहेत? सगळी आपल्याच घरची ना? कोण लिहील हो, दुखतंय म्हणून?"

मॅडमनी फाइलमधली यादी उघडली. यादीतलं चौथं नाव त्यांच्या थोरल्या बहिणीचं होतं. विधवा बहीण, मॅडमपेक्षा बारा वर्षांनी मोठी, तिनेच मॅडमना शिकवून मोठं केलेलं. दाढ भरायला ती सगळ्यांच्या आधी तयार झाली होती. मॅडमनी टेबलावरचा फोन पुढे ओढला. नंबर फिरवताना त्यांचं बोट दोनदा चुकलं. आवाज मोठा ठेवून त्यांनी फोन टेबलावरच राहू दिला.

"अक्का, दाढ कशी आहे?"

"उत्तम! लिहून पाठवलं की मी. का गं? सकाळी सकाळी?"

"अक्का, लिहिलेलं सोड. खरं सांग."

छापीलकाकांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"थोडं ठणकतं," आवाज आला. "म्हणजे, चार दिवस झोप नाहीये बाई. पण तू एवढी वर्षं मर मर मरलीस त्याच्यासाठी. माझ्या एका दाढेपायी तुझ्या कामाला गालबोट कशाला? गालावर जरा सूज आहे, ती शेकून उतरेल."

मॅडमनी तोंडावर हात धरला. त्या घाबरल्या होत्या, आणि आता ते लपवण्याच्या पलीकडे गेलं होतं. "अक्का, आत्ताच्या आत्ता निघ," त्या कशाबशा म्हणाल्या. "दातांच्या दवाखान्यात जा. मी तिकडेच येते. शेकू नकोस. अजिबात शेकू नकोस." मग त्यांनी फोन ताईंकडे सरकवला आणि छापीलकाकांना म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंना निरोप द्या. बाराही सिमेंटं आज काढायची. आणि उरलेल्या दहा घरांचे नंबर काढा. तक्त्यात काय लिहिलंय ते कुणाला विचारायचं नाही."

ताईंनी डाव्या हाताने नंबर फिरवला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग फोन उचलला गेला. मागे मशीनची घरघर चालू होती.

"अहो, मशीन थांबवा."

घरघर थांबली.

"मी इथे सगळं सांगितलंय. चकत्या मी धूत होते, म्हणून त्या चांगल्या दिसत होत्या. सिमेंट चांगलं नाहीये. आता माझ्यासाठी खोटं बोलून काही उपयोग नाही. कधीपासून दुखतंय?"

मास्तरांनी खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला.

"पहिल्या दिवसापासून," ते म्हणाले. "काल रात्रीपासून मात्र एकदम थांबलंय. आता काहीच कळत नाही. बरंच झालंय म्हणायचं."

ताई टेबलाची कड धरून खाली बसल्या.

"मग बोलला का नाहीत?" त्यांनी विचारलं. "अकरा दिवस! का नाही बोललात हो?"

"अगं, तुझ्या हातचं होतं ते," मास्तर म्हणाले. "तुझ्या हातचं कधी वाईट निघालंय का? मला वाटलं, माझाच दात नाठाळ."